स्वल्पविराम चुकला तरी चालेल, पान चुकू नये

व्हॅन डर गिअर, हान्राड्स आणि लप्टन या तिघांचा ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ हा लेख जवळपास चारशे शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत सापडतो. साल २०००, खंड १६३, पाने ५१ ते ५९, सगळे तपशील जागच्या जागी. लायडन विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक पीटर क्रूनेनबर्ग तो शोधायला गेले तर तो कुठेच मिळेना. त्यांनी ॲन-विल हार्झिंग यांना कळवले. कोणाचे संशोधन किती उद्धृत होते याच्या मोजदादीत हार्झिंगबाईंची हयात गेलेली. त्यांनी माग काढला आणि २०१७ मध्ये जाहीर केले, की असा लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही. एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये ‘संदर्भ असा लिहावा’ हे दाखवायला नमुन्यादाखल रचलेली ती ओळ होती. परिषदांचे वृत्तांत छापताना लेखकांना जी तयार फाइल दिली जाते, तिच्यातही ती होती. कुणी ती पुसायला विसरले. काहींनी तर मजकुरातच या लेखाचा हवाला दिला.

त्या चारशे जणांची मांडणी निर्दोष होती. आद्याक्षरांपुढची टिंबे, खंडानंतरचा स्वल्पविराम, पानांमधली रेघ, सारे प्रकाशकाने सांगितले तसेच. फक्त त्या ओळीच्या टोकाला लेख नव्हता.

शोधनिबंध जर्नलकडे धाडायची वेळ आली की गाइडकडून शेवटची सूचना हमखास येते: “रेफरन्सेस तेवढे फॉरमॅटमध्ये बसव.” मग विद्यार्थी रात्र जागवून टिंबे हलवत बसतो. हे कारकुनी काम म्हणून त्याकडे नाक मुरडून पाहिले जाते, आणि ते अर्धे खरेही आहे. संदर्भात दोन गोष्टी असतात. एक माहिती: कुणी लिहिले, काय लिहिले, कुठे आणि कधी छापले, कोणत्या खंडात, कोणत्या पानावर. दुसरा त्या माहितीचा पेहराव: आडनाव आधी की आद्याक्षरे, साल कंसात की शेवटी, जर्नलचे नाव तिरप्या टायपात की सरळ. पेहराव जर्नलागणिक बदलतो आणि तो चढवण्या-उतरवण्याचे काम आता संगणक करतो. माहिती माणसालाच तपासावी लागते, आणि कुचराई होते ती तिथेच.

एकच लेख घेऊन बघू. अल्बर्ट आइनस्टाइन यांचा विशेष सापेक्षतेवरचा १९०५ चा जर्मन लेख. वैद्यकीय जर्नलांमध्ये चालणाऱ्या व्हँकूव्हर पद्धतीत तो असा दिसेल:

आइनस्टाइन ए. त्सुर एलेक्ट्रोडिनामिक बेवेग्टर क्योर्पर. अन फिझ. १९०५;३२२(१०):८९१-९२१.

मानसशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात रुळलेल्या एपीए पद्धतीत असा:

आइनस्टाइन, ए. (१९०५). त्सुर एलेक्ट्रोडिनामिक बेवेग्टर क्योर्पर. अनालेन डेर फिझिक, ३२२(१०), ८९१–९२१.

भौतिकशास्त्रज्ञ मुळात काटकसरी. लेखाचे शीर्षक आणि शेवटचे पानही गाळायची त्यांची जुनी सवय:

ए. आइनस्टाइन, अन. फिझ. १७, ८९१ (१९०५).

पहिल्या दोन ओळींत खंड ३२२ आहे आणि तिसरीत १७. यात चूक कुणाचीच नाही. ‘अनालेन डेर फिझिक’ इतके जुने जर्नल आहे, की नवी मालिका निघाली की खंडांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. १९०५ चा तो खंड चौथ्या मालिकेतला सतरावा, आणि सगळ्या मालिका सलग मोजल्या तर तीनशे बाविसावा. दोन्ही आकडे छापील संदर्भांमध्ये आजही फिरतात. दोन ठिकाणांहून उचललेल्या ओळी एकाच सूचीत आल्या, तर एकाच लेखाचे दोन लेख होतात आणि हे सॉफ्टवेअर आपणहून सांगेलच असे नाही.

‘अन. फिझ.’ या संक्षेपातही मेख आहे. लाइपझिगहून निघणारे ‘अनालेन डेर फिझिक’, न्यूयॉर्कचे ‘ॲनल्स ऑफ फिजिक्स’ आणि पॅरिसचे ‘आनाल द फिझिक’, या तिन्ही जर्नलांचे रोमन लिपीतले संक्षिप्त नाव अक्षरशः एकच होते. म्हणून शिस्तीचे संपादक संक्षेपापुढे कंसात गावाचे नाव मागतात. जर्नलांची नावे कशी तोडायची यासाठी आयएसओ ४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि कोणत्या शब्दाचा कोणता संक्षेप, याची यादी पॅरिसचे आयएसएसएन केंद्र सांभाळते. ‘नेचर’, ‘सायन्स’ अशी एकशब्दी नावे तोडायची नसतात. ‘ऑफ’, ‘द’ यांसारखे शब्द गळतात. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’चे ‘इंडियन जे मेड रेस’ होते. ‘इंडियन’ पुरे राहते, त्याचे ‘इंड’ होत नाही. मनाने संक्षेप बनवण्याचा मोह फार होतो, तो आवरावा. यादी दोन मिनिटांत उघडते.

आइनस्टाइन यांच्या त्या सतराव्या खंडात आणखी एक गंमत आहे. प्रकाशाच्या पुंजांवरचा त्यांचा लेख त्याच खंडात पान १३२ वर सुरू होतो, ब्राउनीय गतीवरचा ५४९ वर आणि सापेक्षतेवरचा ८९१ वर. तिन्हींचा लेखक एक, साल एक, जर्नल एक, खंड एक. मजकुरात नुसते ‘आइनस्टाइन, १९०५’ लिहिले तर वाचकाने कोणता उघडायचा? अशा वेळी सालापुढे अक्षर लावतात: १९०५अ, १९०५ब, १९०५क, आणि तेच अक्षर सूचीतही येते. जाता जाता सांगायचे तर, सापेक्षतेच्या त्या लेखात खुद्द आइनस्टाइननी कोणत्याही लेखाचा संदर्भ दिलेला नाही. शेवटी मिशेल बेसो या मित्राचे आभार तेवढे आहेत. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा लेखही सहा संदर्भांवर उभा आहे. आज ही मुभा कुणालाही नाही, आणि नाही हेच बरे.

इतक्या पद्धती मुळात आल्या कुठून? कंसात नाव आणि साल देण्याच्या रीतीला हार्वर्ड पद्धत म्हणतात. तिचा उगम सापडतो तो बिनशंखाच्या गोगलगायीवरच्या एका निबंधात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये या गोगलगायीच्या अंड्यातल्या घडामोडींवर दीर्घ निबंध छापला, त्यात नाव-सालाचे कंस वापरले आणि हे काय आहे ते तळटीपेत समजावून सांगितले. हार्वर्ड विद्यापीठाने या पद्धतीचे अधिकृत नियमपुस्तक काही काढले नाही. त्यामुळे ‘हार्वर्ड स्टाइल’ या नावाखाली दर विद्यापीठात थोडे निराळे शिकवले जाते, आणि दर ठिकाणी तेच खरे असल्याचे सांगितले जाते.

मानसशास्त्राच्या आणि मानववंशशास्त्राच्या जर्नलांचे संपादक १९२८ मध्ये एकत्र बसले. त्यातून १९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये सात पानांच्या सूचना छापून आल्या. त्या सात पानांचा विस्तार म्हणजे आजची एपीए पद्धत. २०१९ मध्ये निघालेली तिची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे.

व्हँकूव्हर पद्धतीची कथा अधिक व्यवहारी. जानेवारी १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात भेटले. टाइपरायटरचा काळ तो. एका जर्नलने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा, तर संदर्भांची मांडणी वेगळी म्हणून पानेच्या पाने पुन्हा टाइप करायची. हस्तलिखिताचा एकच साचा आपण सगळ्यांनी मान्य करावा, असे त्यांनी ठरवले. १९७९ मध्ये पहिली नियमावली छापली गेली. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने आखून दिला. हाच गट पुढे वाढून वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ याच वळणाचे आहे.

आकडा बरा की नाव-साल? दोन्हींचे चाहते कडवे असतात. आकड्याने वाक्य मोकळे राहते. एका वाक्याला आठ आधार असले तरी ‘४-११’ एवढ्यात भागते. नाव-सालाच्या पद्धतीत तेच वाक्य कंसाखाली दबून जाते. उलट, ज्याला विषय ठाऊक आहे त्याला ‘१९५३’ दिसले की काय ते उमगते. ‘२३’ दिसला तर शेवटचे पान उलटावे लागते. माझे मत विचाराल तर वाचकाच्या बाजूने नाव-साल सरस आहे. पण निवड आपल्या हाती नसतेच. जर्नल सांगेल ते.

आकड्यांच्या पद्धतीतला एक नियम मुरलेल्या लेखकांनाही ठाऊक नसतो. संदर्भांना क्रमांक मजकुरात पहिल्यांदा येण्याच्या क्रमाने मिळतात, हे सगळे जाणतात. पण एखादा संदर्भ फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या ओळीत असेल तर? तक्ते हस्तलिखिताच्या शेवटी जोडलेले असतात, म्हणून लोक त्यांतल्या संदर्भांना शेवटचे क्रमांक देतात. नियम वेगळा आहे. मजकुरात ‘तक्ता १’ असा उल्लेख जिथे प्रथम येतो, तिथे त्या तक्त्यातले संदर्भ आले असे धरायचे. तिथपर्यंत बारा क्रमांक झाले असतील तर तक्त्याचे संदर्भ तेरापासून सुरू होतात आणि पुढचा मजकूर त्यानंतरचे आकडे घेतो.

लेखकांची नावे किती द्यायची हेही ज्याचे त्याचे. व्हँकूव्हर पद्धतीत साधारणपणे सहा नावे आणि पुढे ‘एट अल’, म्हणजे ‘आणि इतर’. एपीएच्या सातव्या आवृत्तीत वीसपर्यंत सगळी. हिग्ज बोसॉनचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या लेखाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पाने नुसती नावे आणि संस्थांची. ‘एट अल’ची थोरवी कळायला एवढे पुरे.

खरी गुंतागुंत नावांची. ही सगळी व्यवस्था आडनावावर उभी आहे. मराठी नाव तिला सोयीचे पडते: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव, म्हणजे पाटील एसआर. पण सूचीत ‘पाटील एस’ म्हणजे कोण? तशी माणसे एकेका विद्यापीठात पुष्कळ निघतील. एखादी संशोधक लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलते, तेव्हा तिचे आधीचे लेख दुसऱ्याच बाईच्या नावावर जमा झाल्यासारखे होतात. अनेक तमिळ आणि मल्याळी नावांत आडनावच नसते. एम. एस. स्वामिनाथन यांच्या नावातले ‘एम’ म्हणजे मंकोम्बू हे गाव, ‘एस’ म्हणजे सांबशिवन हे वडील. ‘स्वामिनाथन’ हे त्यांचे स्वतःचे नाव. सूचीत ते ‘स्वामिनाथन एमएस’ असे बरोबर बसते, पण केवळ क्रम नशिबाने जुळला म्हणून. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात. मेंदूच्या पेशींचा थोर अभ्यासक सान्तियागो रामोन इ काहाल ‘आर’खाली यायला हवा, आणि निम्मे जग त्याला ‘सी’खाली शोधते.

यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑर्किड क्रमांक सुरू झाले. प्रत्येक संशोधकाला सोळा स्थानांचा स्वतःचा क्रमांक, फुकट. नाव बदलो, संस्था बदलो, क्रमांक तोच. आडनावे इतकी सामाईक असलेल्या आपल्यासारख्या समाजात तर संशोधनाला हात घालतानाच तो घ्यावा. आणि पहिला लेख छापताना नाव ज्या रूपात दिले, ते रूप जन्मभर धरून ठेवावे.

तपशील चुकले म्हणून बिघडते काय? १८८७ मध्ये प्रागच्या यारोस्लाव ह्लावा यांनी आमांशावर चेक भाषेत एक लेख लिहिला. शीर्षक ‘ओ उप्लाव्हित्सी’, म्हणजे ‘आमांशाविषयी’. त्याचा गोषवारा जर्मनमध्ये देताना शीर्षकालाच लेखकाचे नाव समजले गेले, आणि ‘ओ. उप्लाव्हित्सी’ नावाचे डॉक्टर जन्माला आले. आमांशाच्या अमीबावर लिहिणारे पुढची पन्नास वर्षे त्यांचा हवाला देत राहिले. ब्रिटिश शास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी १९३८ मध्ये या डॉक्टरांचे मृत्यूलेखाच्या थाटाचे टिपण छापले, शीर्षकात जन्ममृत्यूची साले टाकून: १८८७–१९३८. मूळ चेक लेख एकाने जरी हातात घेतला असता, तरी पहिल्याच पानावर उलगडा झाला असता.

हे जुन्या काळचे म्हणून सोडून देऊ नये. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये एका गाजलेल्या लेखाचे सुमारे ४,३०० संदर्भ तपासले. त्यांपैकी १९६ संदर्भांत छापील चुका होत्या. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ निघाल्या. पानाच्या आकड्यातली एकच चूक तर ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती. पानाचा आकडा चुकणे समजू शकते, पण ७८ जणांनी स्वतंत्रपणे तोच आकडा त्याच तऱ्हेने चुकवणे कसे शक्य आहे? त्यांनी मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या सूचीतून ओळ उचलली होती. या हिशेबावरून दोघांनी अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के मूळ लेख वाचतात. अंदाजावर वाद घालता येईल. लेख वाचूनही ओळ मात्र दुसरीकडून उचलणारे असतातच. पण परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका बघणारा पकडला जातो तो बरोबर उत्तरामुळे नाही, चुकीच्या उत्तरामुळे. इथेही तेच झाले.

कधी तपशील अचूक असतात आणि हवाला तरी चुकीचा असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९८० साली जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांमध्ये व्यसन जडल्याची नोंद चौघांचीच सापडली, एवढेच त्यात होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. २०१७ मध्ये त्याच जर्नलने या पत्राच्या हवाल्यांचा आढावा छापला: ६०८ हवाले, त्यांपैकी ४३९ ठिकाणी ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून. रुग्ण रुग्णालयात भरती होते ही गोष्ट बहुतेकांनी सांगितलीच नाही. अमेरिकेत अफूजन्य गोळ्यांनी जो हाहाकार माजवला, त्याच्या कारणांमध्ये या एका संदर्भाचे नाव घेतले जाते. त्या सगळ्या सूचींमधले स्वल्पविराम बहुधा बरोबरच असतील.

हे टाळायचे तर एक जुना नियम आहे: जे पाहिले त्याचाच हवाला द्यावा. मूळ लेख मिळाला नाही आणि दुसऱ्याच्या लेखात त्याबद्दल वाचले असेल, तर तसे सांगावे. एपीएत त्यासाठी सरळ तरतूद आहे. मजकुरात दोघांचीही नावे येतात आणि सूचीत फक्त आपण हाताळलेला लेख येतो. यात कमीपणा काही नाही.

शोधाचे काम आता सोपे झाले आहे ते डीओआयमुळे. २००० साली प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ ही संस्था काढली आणि प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक मिळू लागला. तो १० ने सुरू होतो. तिरप्या रेघेच्या अलीकडे प्रकाशकाची खूण, पलीकडे लेखाची. वॉटसन-क्रिक यांच्या लेखाचा क्रमांक १०.१०३८/१७१७३७ए०. त्यात खंड १७१ आणि पान ७३७ दडलेले दिसतील. सगळ्याच क्रमांकांतून असा अर्थ निघत नाही, आणि निघण्याची गरजही नाही. जर्नलचे संकेतस्थळ बदलले, प्रकाशक विकला गेला, तरी क्रमांक योग्य जागी नेतो. पिन कोड बरोबर असला की पत्त्यातली बारीकसारीक चूक टपाल खाते सावरून घेते, तसे डीओआय बरोबर असला की संपादकाचा संगणक उरलेले तपशील स्वतः भरून घेतो. डीओआयच चुकला तर मात्र वाचक थेट भलत्याच लेखावर जातो.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर गणित-भौतिकीवाल्यांसाठी १९८५ पासून बिबटेक आहे. ते ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी केले. एंडनोट विकत मिळते, मेंडेली एल्सेव्हियरच्या मालकीचे आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये तयार झालेले झोटेरो फुकट आहे आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. हजारो जर्नलांचे साचे तयार मिळतात. जर्नल बदलले की एका टिचकीत पूर्ण सूचीचा पेहराव बदलतो.

पण यंत्राला अक्कल नसते. जागतिक आरोग्य संघटना, म्हणजे वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन, हे त्याला माणसाचे नाव वाटते. मग सूचीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ नावाचे लेखक अवतरतात, आणि छापील जर्नलांमध्ये ते आजही भेटतात. संस्थेचे नाव एकाच रकान्यात भरले की हा घोटाळा टळतो. बिबटेक शीर्षकातले ‘डीएनए’ छोट्या लिपीत उतरवते. त्याला महिरपी कंसात घालावे लागते. जिवाणूंची आणि वनस्पतींची शास्त्रीय नावे आयात करताना तिरपा टाइप गमावतात. एक लेख पबमेडवरून आणि तोच गुगल स्कॉलरवरून घेतला की दोन नोंदी होतात, आणि सूचीत ७ आणि ३१ हे एकाच लेखाचे क्रमांक निघतात. म्हणून नोंद आत घेतानाच, लेख समोर उघडा असताना, ती दुरुस्त करावी. शेवटी ऐंशी नोंदी निस्तरणे कुणालाच जमत नाही.

झोटेरोचा आणखी एक उपयोग. मागे घेतलेला लेख आपल्या संग्रहात असला तर २०१९ पासून ते लाल पट्टी दाखवते. लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सांगणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला; तरीही त्याचे हवाले थांबले नाहीत. मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉचने जमवलेली यादी २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेऊन सर्वांना खुली केली. अशा लेखाचा उल्लेख करायचाच असेल तर तो मागे घेतला गेल्याचे संदर्भातच लिहावे.

आता नवे दुखणे. चॅटबॉटला संदर्भ मागितले तर तो देतो: भारदस्त शीर्षक, खरे जर्नल, ओळखीचे लेखक, खंड, पान. पैकी लेख अनेकदा अस्तित्वात नसतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने असे कपोलकल्पित निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. जर्नलच्या संपादकांपुढेही असाच माल येऊ लागला आहे. खोटा संदर्भ रचायला पूर्वी निदान विनोदबुद्धी लागायची. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तरुणपणी, १९३१ च्या सुमारास, फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्या चिथावणीवरून ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण’ असा शोधनिबंध अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापला होता. क्रांतीत विषप्रयोगाने मेलेला हा डी. बुर्बाकी नावाचा रशियन गणिती कधी अस्तित्वातच नव्हता. त्याच नावाने पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने ग्रंथमाला काढली, म्हणून तो विनोद इतिहासात जमा झाला. यंत्राने रचलेल्या खोट्या संदर्भांना असे भाग्य मिळायचे नाही.

पेहरावाचा जाच हळूहळू कमी होतो आहे. ‘फ्री रॅडिकल बायॉलॉजी अँड मेडिसिन’ या जर्नलने २०११ मध्ये पहिल्या वेळी लेख कोणत्याही मांडणीत पाठवण्याची मुभा दिली, फक्त संदर्भ पूर्ण आणि एकसारखे हवेत एवढीच अट घालून. नंतर अनेक जर्नलांनी तेच केले. लेख स्वीकारला गेल्यावर प्रकाशकाची माणसे साचा बसवून घेतात. तेव्हा आधी जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचा. त्यातून उमगले नाही तर त्याच जर्नलचा ताजा अंक उघडून एका लेखाची सूची समोर ठेवा. सूचनांपेक्षा ती जास्त शिकवते.

आणि टिंबांवर घालवायची ती रात्र दुसऱ्या कामाला लावा. प्रत्येक डीओआयवर टिचकी मारून बघा, कोणता लेख उघडतो ते. पहिल्या लेखकाचे नाव, साल, खंड आणि पान मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. ज्या वाक्यासाठी तो संदर्भ दिला, ते त्या लेखात खरोखर आहे का ते एकदा वाचा. जो लेख उघडताच आला नाही, तो सूचीतून काढून टाका.